सातबारावरील सही आणि तिचा अधिकार

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यातल्या शेतजमिनीचा सातबारा आज पुण्या-मुंबईत बसूनही पंधरा रुपयांत मिळतो. १ मे २०१८ रोजी राज्यात सुरू झालेल्या या सेवेतील उताऱ्यावर तलाठ्याची शाईची नव्हे, तर डिजिटल सही असते. ही सही म्हणजे हस्ताक्षराचे छायाचित्र नव्हे. उताऱ्यातील मजकुरापासून ‘हॅश’ या गणिती क्रियेने ठरावीक लांबीची एक संख्या तयार होते आणि तलाठ्याच्या खासगी किल्लीने त्या संख्येवर प्रक्रिया केली की सही सिद्ध होते. पडताळणी मात्र सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक किल्लीने होते. कुणी एक हेक्टरचे दोन हेक्टर केले, तर हॅश बदलते आणि सही जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा सहीला मान्यता दिली आहे.

तथापि, सही खरी असणे आणि सही करणाऱ्यास अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र सांगते ते किल्ली कुणाची, एवढेच. ती व्यक्ती आज त्याच साझ्यावर आहे का, हे ते सांगत नाही. फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावी व ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावी, अशी वाटणी संगणकप्रणालीतील नियमांवर सोपवावी लागते. तेथे चूक झाली, तर अनधिकृत सहीसुद्धा गणिताच्या कसोटीला उतरते. आणि जमीन तर शेतकऱ्याची जाते.

यावर उपाय म्हणून हा नियम किल्लीतच गुंफण्याची कल्पना पुढे आली. अमित सहाय व ब्रेंट वॉटर्स यांनी २००५ मध्ये गुणधर्माधारित कूटलेखनाचा पाया घातला. २००७ मध्ये जॉन बेथेनकोर्ट यांच्यासह त्यांनी कूटबद्ध मजकुरालाच अट जोडण्याची रीत दिली. समजा, नुकसानभरपाईच्या यादीतील बँक खाते क्रमांक ‘तहसीलदार आणि बाभुळगाव’ या अटीने बंद केले. दुसऱ्या तालुक्याचा तहसीलदार आणि बाभुळगावचा लिपिक यांनी आपापल्या किल्ल्या एकत्र केल्या, तर दोन्ही गुणधर्म जमतात. तरीही कुलूप उघडता कामा नये. येथेच रचनाकाराची खरी परीक्षा असते. म्हणून प्रत्येकाच्या किल्लीत वेगळी यादृच्छिक संख्या मिसळतात. दोघांचे तुकडे मग एकमेकांशी जुळत नाहीत.

सहीसाठीही अशी योजना आहे. हेमंत माजी, मनोज प्रभाकरन व माइक रोसुलेक यांच्या पद्धतीत सही करणारा अट पूर्ण करतो एवढेच कळते, त्याचे नाव कळत नाही. सातबाऱ्याला अर्थात ही अनामिकता परवडणारी नाही.

अडचण उरते ती बदलीची. तलाठ्याची बदली झाली तरी जुनी किल्ली त्याच्या हाती राहते. किल्लीला मुदत घालणे किंवा रद्द किल्ल्यांची यादी प्रत्येक वेळी तपासणे, हे त्यावरचे प्रचलित मार्ग आहेत. शिवाय सर्व किल्ल्या घडवणारी मध्यवर्ती संस्था कोणतेही कुलूप उघडू शकते. म्हणून तिचा अधिकार अनेक संस्थांत विभागणाऱ्या रचनाही मांडल्या गेल्या आहेत.