नमुना दुरुस्त झाला, नोंदीचं काय?

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण तो आहे इतिहासाचा. आणि वाशीममध्ये बोलतोय, म्हणून सुरुवात इथल्याच जमिनीच्या एका दस्तऐवजापासून करतो.

हा दस्तऐवज कागदाचा नाही, तांब्याच्या पत्र्यांचा आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट, वत्सगुल्मातून म्हणजे आजच्या वाशीममधून दिलेला. काळ साधारण चौथ्या शतकाचा उत्तरार्ध, राजाचं 37वं राज्यवर्ष. एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे. 1939 मध्ये हा ताम्रपट उजेडात आला. आता विचार करा, तांब्यावर कोरताना अक्षर चुकलं तर काय करायचे? ताम्रपटांमध्ये आपल्याला दिसतं की चुकलेली जागा ठोकून सपाट करायचे आणि त्यावरच पुन्हा कोरायचे. खालचं अक्षर बहुतेक वेळा पुसट दिसतंच. म्हणजे दुरुस्ती झाली, पण दुरुस्ती झाल्याची खूणही राहिली. ही खूण लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

आता थेट 1853 मध्ये येऊ. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. 1860 च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि रयतवारी जमाबंदी सुरू झाली. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर आला. बासिम, म्हणजे आपलं वाशीम, तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडला, आणि 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. मधल्या काळात राज्यं बदलली, कायदे बदलले. 1954 चा मध्य प्रदेशचा जमीन महसूल कायदा गेला, 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. या संहितेखालचे गाव नमुने आपण आज वापरतो. नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही. नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, वावर कोणाचं ते सांगणारा. नमुना 12 पिकांचा. सात आणि बारा एकत्र, म्हणून सातबारा.

इथे एक फरक स्पष्ट करतो, कारण आजचं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. नमुना वेगळा आणि नोंद वेगळी. नमुना म्हणजे रकाने, चौकट. नोंद म्हणजे त्या रकान्यात लिहिलेलं.

तुमच्यापैकी जे कंपन्यांत काम करतात त्यांना हे लगेच कळेल. शेअरपॉइंटसारख्या सामायिक व्यवस्थेत एक यादी असते, आणि त्या यादीत भर घालायला, बदल करायला, पाहायला फॉर्म असतात. कधी कधी तो फॉर्मच बिघडतो, कोणी चुकून काढून टाकतो. उघडायला गेलं की पान येत नाही. लोक घाबरतात, की माहिती गेली! माहिती कुठेच गेलेली नसते, ती यादीत असते. मग जाणकार माणूस एक स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे छोटा प्रोग्राम, आणि तो फॉर्म पुन्हा तयार करतो. शंभर याद्या असल्या तरी एकच स्क्रिप्ट शंभर वेळा फिरते. यात धोका कमी, कारण हात चौकटीला लागला, नोंदीला नाही.

आता हेच सातबाऱ्यावर आणा. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हस्तलिखितावरून ते संगणकात टाकले गेले आणि पुढे राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पुणे कार्यालयाने तयार केलेल्या ई-फेरफार प्रणालीत आले. तेव्हा जे बिघाड दिसले ते दोन्ही प्रकारचे होते.

एक उदाहरण सांगतो. समजा तीन भावांचं 1 हेक्टर 21 आर वावर आहे. समान हिस्से. जुन्या पद्धतीत हिस्सा आणे-पैमध्ये लिहायचे. सोळा आण्यांचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी 5 आणे 4 पै. बरोब्बर, काहीच उरत नाही. 1957 मध्ये आणे नाण्यांतून गेले, हिश्श्यांच्या हिशेबात मात्र पुढेही राहिले. आता हेच संगणकाला क्षेत्रात सांगा. प्रत्येकाला 40 आर 33 चौरस मीटर. तिघांची बेरीज करा, 1 हेक्टर 20 आर 99. एक चौरस मीटर गेला कुठे? कुठेच नाही गेला. वावर तेवढंच आहे. पण प्रोग्राम म्हणतो, एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही.

दुसरं उदाहरण नावाचं. एका जागी ‘पाटील’, दुसऱ्या जागी ‘पाटिल’. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी दोन, म्हणून खाती दोन. आणि उलटही होतं. एकाच गावात एकाच नावाचे खरोखर दोघं असतात, वडिलांचं नावही तेच. प्रोग्रामने त्यांना एक करून टाकलं तर? हाताने केलेली चूक एक पान बिघडवते. प्रोग्रामने केलेली चूक एका रात्रीत सगळ्या गावांत जाते.

म्हणून इथे काय केलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. न जुळणाऱ्या नोंदी शोधायचं काम प्रोग्रामला दिलं. त्याचे अहवाल निघाले. दुरुस्तीसाठी आधी एडिट, मग रि-एडिट अशा सोयी दिल्या. पण हस्तलिखिताशी ताडून पाहायचं काम तलाठ्याचं, आपल्याकडे ज्याला अजून पटवारी म्हणतात त्याचं. 2017 च्या उन्हाळ्यात तर गावोगावी चावडी वाचन झालं. छापलेले सातबारे लोकांसमोर वाचून दाखवायचे आणि विचारायचं, बरोबर आहे का? संगणकाच्या कामाचा शेवटचा तपास चावडीवर झाला!

त्यानंतरच्या दुरुस्तीसाठी संहितेचं कलम 155 आहे. लेखनातली चूक, किंवा सगळ्या हितसंबंधितांनी कबूल केलेली चूक महसूल अधिकारी दुरुस्त करू शकतो. पण तपासणीत अधिकाऱ्यालाच चूक दिसली, तर पक्षकारांना नोटीस दिल्याशिवाय आणि हरकती ऐकल्याशिवाय हात लावता येत नाही. का? कारण कलम 157 सांगतं की विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाते. पीककर्ज, वारसा, खरेदीखत, सगळं तिच्यावर चालतं. नवऱ्यामागे वारस म्हणून लागलेलं बाईचं नाव एका ‘दुरुस्ती’त गळालं, तर ते परत लावायला तिला किती खेटे घालावे लागतील?

आता चौकटीची बाजू. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सप्टेंबर 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला. गावाचा कोड आला, लागवडयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची एकूण बेरीज आली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. हा बदल राज्यभर एकदम करता आला, त्यासाठी घरोघरी नोटीस लागली नाही. लागायचं कारणही नव्हतं. चौकट बदलली होती, हक्क नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. चौकट प्रोग्रामने खुशाल दुरुस्त करा, झटपट करा. नोंदीच्या बाबतीत प्रोग्रामने बोट दाखवावं, निर्णय माणसाने द्यावा, आणि त्या निर्णयाचा फेरफार मागे राहावा. कोणी बदललं, कधी, कोणत्या आदेशाने, हे पुढच्याला दिसलं पाहिजे. ताम्रपटावर खालचं पुसट अक्षर दिसतं ना, तसंच.

घरी गेल्यावर आपला सातबारा काढा. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज करा, ती एकूण क्षेत्राशी जुळते का बघा. नावं आजोबांच्या जुन्या उताऱ्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर जुना उतारा जपून ठेवा आणि तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या. तोंडी सांगू नका, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आता प्रश्न घेऊ.