आरोग्य कार्यकर्तीची परीक्षा : सास्तूरच्या निमित्तानं

आजचा विषय आहे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या परीक्षेचा इतिहास. ऐकायला कोरडा वाटेल, म्हणून सुरुवात सास्तूरपासून करू.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा सगळा पट्टा हादरला. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंतींखालून पहिल्या काही तासांत माणसं बाहेर काढली ती शेजाऱ्यांनीच. डॉक्टर, परिचारिका, जवान आले ते नंतर. मग प्रश्न उरतो : गावातच राहणारं, आरोग्याचं शिकलेलं माणूस कोण? आणि ते शिकलेलं आहे, हे ठरवायचं कसं?

कायद्याचं उत्तर होतं नोंदवही. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. पण हा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा इथं लागूच नव्हता. १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानं साऱ्या राज्याला एकच चौकट मिळाली. आधी शिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी. हे चांगलंच झालं. पण या चौकटीत पिढीजात सुईण बसली नाही. सरकारनं दायांची प्रशिक्षणं घेतली, त्यांना साहित्यही दिलं. पुढं दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला, तो योग्यच होता. पण दाई बाजूला पडली. शिकवलं होतं, पण कर्मचारी म्हणून नाव कुठंच नव्हतं. मग हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

दुसरं उत्तर खेड्यांतून आलं. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. तिथं निरक्षर बायकाही आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. ऐकायचं, करून बघायचं, पुन्हा सांगायचं, अशी शिकण्याची रीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात बालमृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. आणि आपल्याच जिल्ह्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं.

२००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. अट काय? त्याच गावची बाई, साधारण आठवी पास. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांसाठी प्रमाणपत्र परीक्षा आली. तिच्यात लेखीही आहे, प्रात्यक्षिकही आहे. म्हणजे नोंदवहीची वाट आणि जामखेडची वाट इथं एकत्र येतात.

काही जण म्हणतात, वीस वर्षं घरोघर फिरलेल्या बाईला परीक्षा कशाला? मला हे पटत नाही. दाईचं काय झालं ते आपण पाहिलं. कागद नसला की अनुभव मोजलाच जात नाही. पण दुसरी बाजूही सांगतो. प्रमाणपत्र मिळालं तरी सरकारच्या लेखी आशा अजून स्वयंसेविकाच आहे. परीक्षा कर्मचाऱ्याची आणि दर्जा स्वयंसेविकेचा, हे कोडं इतिहासानं सोडवलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्या ताई परीक्षेला बसणार आहेत, त्यांना एवढंच सांगेन. पुस्तिका पाठ करा, पण घड्याळ समोर ठेवून बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा सराव जास्त करा. शांत बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. तरीही तेवढेच आले तर तो धोका, बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. हे लेखी पेपरात एका गुणाचं असेल. घरात ते बाळाच्या जिवाचं असतं.

आज सास्तूरला ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आहे. पण बाळाला तिथं वेळेत न्यायचं, हे ओळखणारं माणूस त्याच्या उंबऱ्यापाशीच लागतं. तिची परीक्षा नीट घ्या, आणि ती पास झाली की तिला तसं वागवाही.

आता प्रश्न घेऊ.