कोल्हापूरचा कॅमेरा

भारतीय चित्रपटाच्या आरंभाविषयी लिहिताना आपण चित्रपटांची नावे मोजतो. ज्या यंत्रांनी ते टिपले त्यांच्याकडे सहसा पाहत नाही. यंत्रांच्या अंगाने पाहिले तर तीन टप्पे दिसतात. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके स्वतः लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा मिळवला. तिसरा टप्पा कोल्हापूरचा. तेथे कॅमेरा विकत आणला नाही, घडवला.

आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ. मूळचे आडनाव मेस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ते 'पेंटर' झाले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि या दोघांना चित्रपटाचे वेध लागले. त्यांनी मुंबईहून प्रोजेक्टर आणला, त्याची रचना समजून घेतली आणि कॅमेऱ्याच्या खटपटीला लागले.

चित्र दाखवणाऱ्या यंत्रावरून चित्र टिपणारे यंत्र कसे सुचावे? दोहोंचे काळीज एकच आहे. फिल्म सलग सरकून चालत नाही. प्रत्येक चौकट भिंगामागे क्षणभर स्थिर राहावी लागते. मग शटरने प्रकाश अडवायचा आणि त्या अंधारात फिल्म चार भोके पुढे ओढायची. हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण सोळा वेळा हे घडवायचे. ल्युमिएर बंधूंचे यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रदर्शन ही तिन्ही कामे करी.

तरीही प्रोजेक्टर नुसता उलटा करून कॅमेरा होत नाही. प्रोजेक्टरच्या पेटीतून थोडा उजेड गळला तरी खेळ चालू राहतो. कॅमेऱ्यात तेवढ्याने फिल्म वाया जाते. प्रोजेक्टरमध्ये चौकट हलली तर तेवढा खेळ बिघडतो. कॅमेऱ्यात तो दोष फिल्मवर कायमचा उमटतो. भिंग आणि फिल्म यांतले अंतर किंचित चुकले की चित्र पुसट होते. आणि चूक झाल्याचे कळते ते फिल्म धुतल्यावरच. त्यामुळे सुटे भाग जुळवणे, चाचणी घेणे, फिल्म धुणे, दोष शोधणे आणि यंत्र पुन्हा खोलणे, हा क्रम टळत नाही. जुना कॅमेरा घरी दुरुस्त करणाऱ्याला तो आजही चुकलेला नाही.

हे काम पुरे होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव वारले. एका माणसाच्या डोक्यातला शोध असता तर तो तिथेच संपला असता. पण यंत्र उघडून शिकलेली विद्या शेजारी बसलेल्याच्या हातातही उतरते. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' या कॅमेऱ्याने टिपला गेला आणि १९२० मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले.

त्या गौरवात आनंदरावांचा वाटा मागे पडला. इतिहासाला एकच शोधक सोयीचा वाटतो. कारखान्यात मात्र एकाने अर्धवट सोडलेले काम दुसरा हाती घेतो. दामल्यांचेच पाहावे. पुढे 'प्रभात'मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रणाची धुरा वाहिली आणि फत्तेलाल यांच्यासह 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मराठी चित्रपटाचे तंत्र या हातांनी तोलले.

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला आपण स्वदेशी पराक्रम म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या कॅमेऱ्याची सुरुवात नव्या कल्पनेपेक्षा समोरचे यंत्र खोलून पाहण्यातून झाली. ज्या समाजाला यंत्र उघडण्याची भीती वाटत नाही, त्यालाच ते घडवता येते. म्हणून या इतिहासात आनंदरावांचे नाव बाबूरावांच्या आधी घ्यायला हवे.