कूटचा वेढा आणि घोड्याचं मांस

कूट-अल-अमारा हे इराकमधलं, टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. नाव ऐकून कोणाला शेंगदाण्याचं कूट आठवलं असेल तर हरकत नाही, आजचा विषय खाण्याचाच आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, तुर्कांनी इथे जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढलं होतं. ही फौज म्हणजे हिंदी लष्कराची सहावी, पुणे डिव्हिजन. तीत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या.

हिंदी शिपायाचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप, मसाला. गोऱ्या शिपायाचा म्हणजे पांढऱ्या पिठाचा पाव आणि मांस. दोन कोठारं, दोन चुली. वेढा लांबला तसं तूप संपलं, भाजी संपली. गावात धान्याचा शोध घेतला तेव्हा जवाचा मोठा साठा हाती आला, पण तो दळायचा कशावर? जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले! जानेवारीअखेर घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं.

आता शरीराने काय हिशेब केला बघा. गोऱ्यांना बेरीबेरी झाला. पाय सुजायचे, चालवत नसे. कारण पांढऱ्या पिठातला कोंडा गेलेला, आणि त्याबरोबर ते जीवनसत्त्वही. त्यांच्या पिठात जव मिसळू लागल्यावर तो रोग हटला. हिंदी शिपाई आटा आणि जव खात होता, म्हणून बेरीबेरीतून वाचला. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून त्याला स्कर्व्हीने धरलं. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. ज्याच्या ताटात जे होतं त्याने त्याला एका रोगातून वाचवलं आणि दुसऱ्याच्या हवाली केलं.

मग शिपायांनी मांस का नाकारलं? इंग्रजी पुस्तकांत उत्तर सोपं असतं: अंधश्रद्धा. मला ते पटत नाही. मराठा शिपायाला मटणाचं वावडं नव्हतं. शिवाय हिंदुस्थानातून हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या होत्या. शास्त्राने मोकळीक दिली होती. तरी शिपाई हटला नाही. त्याची शंका वेगळी होती: गावी परतलो की लोक काय म्हणतील? मुलींची लग्नं कोण करेल?

ही शंका मला अडाणीपणाची वाटत नाही. धर्मगुरूची तार कूटला पोचली, पण ती त्याच्या गावच्या चावडीवर कोण वाचणार होतं? पंगतीला बसवायचं की नाही हे धर्मग्रंथ ठरवत नाही, शेजारी ठरवतो. ‘परवानगी’ आणि ‘मान्यता’ या दोन गोष्टी आपण एकच धरतो. त्या एक नाहीत, आणि शिपायाला हा फरक माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरापेक्षा चांगला कळत होता. गोळी लागून मेलो तर घराला मान आहे. घोडा खाऊन जगलो तर?

एप्रिलमध्ये पीठ माणशी रोजचं चार-पाच औंसांवर आलं, म्हणजे जेमतेम दोन लहान भाकऱ्यांपुरतं. पंधरा एप्रिलपासून विमानांतून पोती टाकायला लागले, त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. तेव्हा टाउनशेंडने बजावलं की, जे हिंदी अधिकारी न खाऊन दुबळे झालेत त्यांच्या जागी खाणाऱ्यांना नेमीन. आणि थोड्या दिवसांत हजारोंनी मांस खायला सुरुवात केली. धमकीचा परिणाम? असेल. पण मला आणखी एक वाटतं. एकट्याने खाल्लं तर तो बाटला. पलटणीने खाल्लं तर बोट कोण दाखवणार? पंगतच बदलली, तेव्हा घास उतरला.

फार उशीर झाला होता. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. तुर्कांनी त्यांना पहिलं अन्न दिलं ते कडक, जाड्याभरड्या बिस्किटांचं. उपाशी माणसांनी ती नदीच्या पाण्यात भिजवून खाल्ली, आणि पोटाच्या विकाराने कितीतरी जण तिथेच गेले. त्यांत घोडा खाल्लेले होते आणि न खाल्लेलेही.