तीन तोळे तूप

दांडीयात्रेवरचा मजकूर गुजरातीतून मराठीत आणताना मी सर्वांत जास्त अडखळले ती जेवणाच्या यादीपाशी. 12 मार्च 1930 रोजी साबरमतीहून निघण्यापूर्वी गांधीजींनी वाटेवरच्या गावांसाठी सूचना लिहिल्या होत्या. सकाळी राब आणि ढेबरे, दुपारी भाखरी, भाजी, ताक किंवा दूध, संध्याकाळी पुन्हा निघण्यापूर्वी भाजलेले चणे, रात्री खिचडी. भाजी नुसती उकडलेली, तेल-मसाला-मिरचीशिवाय. तूप दिवसाला माणशी तीन तोळ्यांपर्यंतच: एक राबेत, एक भाखरीवर, एक खिचडीत.

पहिल्या खर्ड्यात मी ‘भाखरी’ची ‘भाकरी’ केली होती. पण गुजराती भाखरी गव्हाची, खरपूस. आपली भाकरी ज्वारी-बाजरीची. यात्रेत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्यासारखी मराठी माणसेही होती. त्यांना हा फरक आश्रमातच कळला असणार. मी ‘भाखरी’ तशीच ठेवली.

यादीत साधेपणा आहे, तसे चालीचे गणितही आहे. सुमारे 385 किलोमीटर, 60 वर्षे ओलांडलेला नेता, 78 सोबती. सोमवारी विश्रांती, एरवी सकाळ-संध्याकाळ दोन टप्पे, उन्हाची वेळ मुक्कामाची. संध्याकाळी निघताना मूठभर चणे, भरीचे जेवण पोहोचल्यावर. अंथरूण ज्याचे त्याच्याजवळ. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची तुकडी पुढे जाऊन गावोगावची सोय पाही. तरी काहींच्या पायांना फोड आले, काही आजारी पडले.

हिशेब बिघडला तो मात्र टंचाईने नव्हे, पाहुणचाराने. सुरतेहून मोटारीने दूध आणि भाज्या येऊ लागल्या. रात्रीच्या वाटचालीत एका मजुराच्या डोक्यावर जड किट्सन दिवा चढला. 29 मार्चला भाटगामच्या सभेत गांधीजींनी याचा जाहीर जाब घेतला, स्वतःपासून सुरुवात करून. व्हाइसरॉयचा पगार देशाच्या सरासरी उत्पन्नाच्या पाच हजार पटींहून जास्त आहे, असे त्यांनी त्याच महिन्यात पत्रातून सुनावले होते. आता आपणच गरिबाच्या ऐपतीबाहेर खाऊ लागलो आणि त्याच्याच डोक्यावर दिवा देऊन चालू लागलो, तर ते पत्र लिहिण्याचा हक्क काय उरला?

जागा वाचवण्यासाठी ती सगळी यादी ‘साधे जेवण’ या दोन शब्दांत उरकावी, असे मला वाटले होते. भाटगामचे भाषण अनुवादल्यावर मी मागे गेले आणि तिन्ही तोळे परत लिहिले. ते माप वाचकाला आधी ठाऊक नसेल, तर मोटारीतले दूध त्याला नुसते दूधच वाटेल.