१७२९६ : एका मित्रसंख्येचा इतिहास

मैत्री केवळ माणसांतच असते असे नाही, ती संख्यांतही असते. २२० ला तिच्याहून लहान अशा १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५ व ११० ह्या संख्यांनी निःशेष भाग जातो. त्यांची बेरीज २८४ येते. आता २८४ चे असेच विभाजक घ्या : १, २, ४, ७१ व १४२. बेरीज होते २२०! अशा जोडीस मित्रसंख्या म्हणतात. ही जोडी प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती.

पुढची जोडी शोधण्याचा नियम नवव्या शतकात बगदादचे गणिती साबित इब्न कुर्रा (मृत्यू इ. स. ९०१) ह्यांनी सिद्धतेसह मांडला. २ चे लागोपाठचे दोन घात घ्या, उदाहरणार्थ ८ व १६. प्रत्येकास ३ ने गुणून १ वजा केल्यास २३ व ४७ मिळतात. ८ व १६ ह्यांच्या गुणाकारास, म्हणजे १२८ ला, ९ ने गुणून १ वजा केल्यास ११५१ मिळते. तिन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून १६ × २३ × ४७ = १७२९६ आणि १६ × ११५१ = १८४१६ ही मित्रसंख्यांची जोडी ठरते.

इ. स. १३०० च्या सुमारास इराणमधील कमालुद्दीन अल्-फारिसी व मराकेशचे इब्न अल्-बन्ना ह्यांना ही जोडी माहीत होती. फ्रान्समध्ये फर्मा ह्यांनी ती १६३६ साली स्वतंत्रपणे शोधली आणि युरोपात ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. सतराव्या शतकात इराणच्या मुहम्मद बाकिर यज्दी ह्यांनी ९३,६३,५८४ व ९४,३७,०५६ ही प्रचंड जोडी दिली. देकार्त ह्यांनाही ती १६३८ मध्ये सापडली.

हे ऐकून आपली मान ताठ होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. साबित मुसलमान नव्हते. ते हर्रानच्या साबी पंथाचे होते. तरीही खलिफा अल्-मुअतदिदच्या दरबारी त्यांना मानाचे स्थान होते. बगदादने ग्रीकांचे ग्रंथ भाषांतरित केले, भारताचे अंक स्वीकारले आणि मग त्यात स्वतःची भर घातली. त्या काळाचे मोठेपण ह्या मोकळ्या मनात व मेहनतीत होते. आपण मात्र सभांतून पूर्वजांची नावे घेतो आणि घरी मुलगा किंवा मुलगी गणितात अडली की "आपल्याला हे जमणार नाही" म्हणून मोकळे होतो.

विद्यार्थी मित्रांनो, ११८४ व १२१० ही लहानशी जोडी ह्या सर्व थोरांच्या नजरेतून सुटली होती. ती १८६६ साली निकोलो पागानिनी ह्या सोळा वर्षांच्या इटालियन मुलाने शोधली! तेव्हा आज रात्री कागद-पेन्सिल घ्या. १८४१६ चे तिच्याहून लहान असे नऊच विभाजक आहेत. ते शोधून त्यांची बेरीज करा. पालकांनीही शेजारी बसावे. उत्तर १७२९६ आले की पूर्वजांचा वारसा खऱ्या अर्थाने आपल्या हाती आला असे समजावे.