तक्लामकानचा दक्षिण मार्ग

तक्लामकानचा दक्षिण मार्ग : चीन व पश्चिम आशिया यांना जोडणाऱ्या रेशीम मार्गाचा तारीम खोऱ्यातील दक्षिणेकडचा फाटा. दुनहुआंगच्या पश्चिमेकडील यांगग्वान या नाक्यापासून निघून लोप सरोवराचा परिसर, मीरान, चेर्चेन, नीया, केरिया, खोतान व यारकंद अशा मुक्कामांनी तो काश्गरला पोहोचे. थ्येनशान पर्वताच्या पायथ्याने येणारा उत्तर फाटा तेथे त्याला मिळे. ‘रेशीम मार्ग’ हे नाव जर्मन भूगोलज्ञ फेर्डिनांट फोन रिख्टहोफेन याने १८७७ मध्ये रूढ केले. या वाटेने जाणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. शिवाय खोतानच्या जेड दगडाचा व्यापार येथील रेशमाच्या व्यापारापेक्षा जुना मानला जातो.

तक्लामकान वाळवंटाचे क्षेत्रफळ सु. ३,३०,००० चौ. किमी. आहे. ‘आत गेलेला परतत नाही’ हा नावाचा अर्थ लोकप्रिय असला, तरी त्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. दक्षिणेकडील कुनलुन पर्वताचे बर्फ वितळून आलेल्या नद्या वाळूत शिरतात आणि बहुतेक तेथेच जिरतात. त्यांच्या काठची मरूद्याने हेच प्रवासाचे टप्पे. त्यामुळे वाट वाळवंटातून न जाता त्याच्या कडेने जाई.

चिनी बौद्ध यात्रेकरू फाहियान याला दुनहुआंगहून लोपपलीकडच्या शानशान राज्यात पोहोचण्यास १७ दिवस लागले. वाटेवर खूण म्हणून मेलेल्यांच्या हाडांखेरीज काही नव्हते, असे तो सांगतो. ह्युएनत्संग या दुसऱ्या चिनी बौद्ध यात्रेकरूची पखाल सांडल्याचा प्रसिद्ध प्रसंग उत्तरेकडच्या हामीच्या वाटेवरचा आहे; दक्षिण मार्गाने तो भारतातून परतताना आला (इ. स. ६४५ मध्ये चीनची राजधानी गाठली). नीया हे त्याच्या काळी खोतानच्या पूर्व सीमेवरचे ठाणे होते. पुढच्या वाळूत गाणी आणि आक्रोश ऐकू येऊन माणसे वाट चुकतात, असे तो लिहितो. सहाशे वर्षांनंतर मार्को पोलो लोपच्या वाळवंटाबद्दल जवळपास हेच सांगतो.

नीयाचे लेख : यात्रावर्णनांपेक्षा महत्त्वाचा पुरावा नीयाच्या अवशेषांत मिळाला. आजच्या मिनफेंग गावाच्या उत्तरेस सु. शंभर किमी.वर, वाळूत गडप झालेल्या या वस्तीत संशोधक ऑरेल स्टाइन जानेवारी १९०१ मध्ये पोहोचला. तिचे जुने नाव चडोत. ती क्रोराइन म्हणजेच शानशान राज्यात होती. स्टाइनला व नंतरच्या संशोधकांना येथे लाकडी फळ्यांवर व कातड्यावर लिहिलेले शेकडो लेख मिळाले. ते इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील असून लिपी खरोष्ठी व भाषा गांधारीशी जवळची प्राकृत आहे. राजाज्ञांचा प्रारंभ ‘महनुअव महरय लिहति’ असा होतो. त्यातील ‘लिहति’साठी मराठी वाचकाला कोश उघडावा लागत नाही. पेपिय, तजक, अंग्वक, महिरि, वष्मन हा राजांचा क्रम बहुतेकांना मान्य आहे. त्यांचे सन वादग्रस्त आहेत.

राजाज्ञा पाचरीच्या आकाराच्या दोन फळ्यांवर असे. मजकूर आतल्या बाजूस येई. फळ्या एकमेकींवर ठेवून खाचांतून दोरी गुंडाळत, वरच्या चौकोनी खोबणीत चिकणमाती भरत आणि मोहोर उठवत. दोरी कापल्याखेरीज मजकूर वाचता येत नसे. काही मोहोरांवर ग्रीक देवता अथीना आढळते. खरेदीखतांसाठी आयताकृती फळ्या वापरत.

प्रवासव्यवस्था या लेखांतून जितकी उघड होते तितकी अन्यत्र क्वचितच. खोतानला गेलेल्या एका दूताची तक्रार पाहावी. चल्मदन (चेर्चेन) येथून साचपर्यंत व साचहून नीनापर्यंत त्याला त्या त्या गावाने रक्षक दिले; नीना ते खोतान या टप्प्याचा रक्षक चडोतने द्यायचा होता. त्या रक्षकाची मजुरी पूर्वीच्या दराने व वर काही जादा देऊन चुकती करावी, असा राजाचा हुकूम आहे. म्हणजे टप्प्याटप्प्याची जबाबदारी ठरलेली होती आणि ती टाळलीही जाई. दुसऱ्या एका लेखात रेशमाच्या देण्याचा तंटा चीनहून व्यापारी येईपर्यंत तहकूब केला आहे. व्यापाऱ्यांची वर्दळ अखंड होती, या समजाला हा लेख छेद देतो. बाकीचे विषय कराची थकबाकी, द्राक्षमद्य, पळालेले दास, उंटांचे वाद आणि सुपि नावाच्या लोकांच्या धाडी.

सोग्दी पत्रे : दुनहुआंगच्या पश्चिमेकडील एका टेहळणी बुरुजात स्टाइनला १९०७ मध्ये कागदावर सोग्दी या मध्य आशियाई भाषेत लिहिलेली पत्रे मिळाली (चौथ्या शतकाचा प्रारंभ). त्यांपैकी एक मिव्नय या स्त्रीचे आहे. नवऱ्याने तिला मुलीसह दुनहुआंगला सोडले होते. परत नेण्यास कोणी तांडेवाला मिळेना. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झालेले बरे, असे ती त्याला सुनावते. पत्र त्याच्यापर्यंत पोहोचले नाही.

धर्म : मुख्यतः बौद्ध होता; पुढे अकराव्या शतकाच्या आरंभी खोतान इस्लामी सत्तेखाली आले.

ऱ्हास : नीया ओसाड का पडले याविषयी नदीचा प्रवाह आटणे, धाडी आणि राज्यसत्तेचा अस्त अशी कारणे दिली जातात. घरे घाईत सोडल्याच्या खुणा दिसतात, पण त्यावरून कारण ठरवता येत नाही.

सद्यःस्थिती : तक्लामकान ओलांडून मिनफेंगला येणारा महामार्ग १९९५ मध्ये पूर्ण झाला. खोतान-रुओच्यांग हा ८२५ किमी.चा लोहमार्ग २०२२ मध्ये सुरू झाला. मिनफेंग व चेर्चेन ही त्यावरील स्थानके आहेत. युनेस्कोने २०१४ मध्ये रेशीम मार्गावरील ३३ स्थळे जागतिक वारशात घेतली. नीया त्यांत नाही.